पाण्याच्या काठापर्यंत

अहमदनगर जिल्ह्याला, म्हणजे शासनदप्तरी आता अहिल्यानगर झालेल्या जिल्ह्याला, समुद्र नाही हे शाळेतले पोरही सांगेल. परंतु या शहराच्या दौलतीला एके काळी स्वतःचे बंदर होते, हे मात्र खुद्द नगरकरांनाही मुद्दाम सांगावे लागते. मलिक अहमदाने १४९० साली बहमनी अंमल झुगारून निजामशाही स्थापन केली आणि पुढे सीनेच्या काठी, भिंगारच्या शेजारी, आपल्या नावाचे शहर वसविले. तेव्हापासून चौल हे त्या राज्याचे समुद्राकडील महाद्वार होऊन राहिले. अरबस्तानातील घोडे तेथे गलबतांतून उतरत आणि घाट चढून देशावरच्या पागांत दाखल होत. १५०८ साली त्याच चौलच्या खाडीत पोर्तुगीज आरमाराचा पराभव होऊन व्हाइसरॉयचा तरुण पुत्र लोरेन्सो द अल्मेदा ठार झाला, आणि १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने पोर्तुगीजांच्या चौलला दीर्घकाळ वेढा घालूनही ते ठाणे त्याच्या हाती आले नाही. तेव्हा नगरच्या माणसाने जहाजांविषयी लिहावे यात अनाठायी असे काही नाही. बंदर गेले तरी बंदराची आठवण ठेवण्याचा हक्क रयतेला राहतोच.

जहाज धक्का सोडते त्या वेळी जे वाजविले जाते, त्याच्या पाठीमागे लागून मी मुंबई बंदरात गेलो आणि फिरून भिंगारच्या छावणीत येऊन पोहोचलो. हा लेख त्या वाटेने जाणार आहे. वाट सरळ नाही, हे वाचकाला आधीच सांगून ठेवतो.

प्रथम भोंग्याचे सांगितले पाहिजे, कारण प्रवासी जहाजाच्या प्रस्थानातील पहिला आणि सर्वांत प्राचीन भासणारा स्वर तोच. वस्तुतः तो अगदी कायदेशीर स्वर आहे. सागरी टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली आंतरराष्ट्रीय नियम झाले, त्यांत कोणत्या जहाजाचा भोंगा किती खर्जात असावा हेही ठरवून दिलेले आहे. दोनशे मीटर वा त्याहून लांब जहाजाच्या भोंग्याचा मूलस्वर ७० ते २०० हर्ट्झ या मर्यादेत असला पाहिजे. जहाज लहान तसा स्वर चढा. हा आकडा वाचून मला गंमत वाटली, कारण काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते. म्हणजे मोठ्यात मोठ्या जहाजाने जेथून स्वर लावावयाचा, ती जागा आपल्या गवयांनी कोणत्याही परिषदेवाचून आधीच पकडलेली आहे. त्याच नियमांप्रमाणे एक ऱ्हस्व नाद म्हणजे जहाज उजवीकडे वळत आहे, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे यंत्रे मागे चालली आहेत. परंतु तीन दीर्घ नाद हे कायद्यातले नव्हेत, ते दस्तुरातले. त्यांचा अर्थ निरोप. बंदरातील दुसरे जहाजही त्याला तसेच तीन नादांनी उत्तर देते, आणि ज्याने ते उत्तर धक्क्यावर उभे राहून ऐकले असेल त्याला ते छातीच्या पिंजऱ्यात ऐकू आलेले असते. कानाचा त्यात फारसा संबंध नसतो.

आता मूळ प्रश्न. आगगाडीला निघताना शिटी पुरते, एस. टी. ला घंटीचे दोन ठोके पुरतात, विमानाला तर काहीच लागत नाही; मग जहाजालाच वाद्यवृंद का लागला? मला सापडलेले उत्तर अगदी साधे आहे. जहाज निघते फार हळू. पायलट वर चढतो, टग येऊन बिलगतात, खुंटांवरचे जाडजूड दोर एकामागून एक सुटतात आणि धक्का व जहाज यांच्यामध्ये हातभर रुंदीची पाण्याची पट्टी दिसू लागते. ती वितीवितीने वाढत जाते. अजून चेहरे ओळखू येतात, अजून हाक मारली तर ऐकू जाते, पण हात मात्र पोचत नाही. जे बोलावयाचे ते सर्व बोलून झालेले असते, आणि तरीही पाठ फिरवून घरी जावे अशी स्थिती नसते. अर्धा-अर्धा तास चालणारी ही अवघडलेली अवस्था मानवी वाणीच्या आवाक्याबाहेरची आहे. तेथे वाद्ये लागतात. जे प्रस्थान डोळ्यांसमोर दीर्घकाळ घडत राहते, त्याला संगीत अवश्य असते. जे क्षणात आटोपते, त्याला नसते. हा निकष मी पुढे नगरच्या रस्त्यांवर लावून पाहिला आणि तो तेथेही खरा उतरला, म्हणून तो इतक्या ठामपणे मांडतो आहे.

आपल्याकडे जाणाऱ्याला वेशीपर्यंत पोचवीत नेण्याची रीत आहे, तिच्यामागचे शास्त्रवचन कालिदासाने शाकुंतलाच्या चौथ्या अंकात शार्ङ्गरवाच्या मुखी घातले आहे: प्रिय जनाला पाण्याच्या काठापर्यंत पोचवावे आणि तेथून परतावे. कण्वमुनी तळ्याच्या काठी थांबतात ते त्यामुळेच. बंदराचा धक्का म्हणजे हा पाण्याचा काठ अक्षरशः. त्याच्यापुढे सोबत करणे शक्यच नसते. जेथे पाय थांबतात तेथून पुढे सूर जातो, अशी काहीशी वाटणी त्या रीतीत आपोआप होऊन गेलेली दिसते.

जगभरच्या बंदरांनी ही वाटणी आपापल्या परीने केली. होनोलुलूला जहाज सुटण्याचा दिवस हा शहराचा सणच असे. १८३६ पासून चालत आलेला तेथील रॉयल हवायन बँड धक्क्यावर उभा राहून ‘अलोहा ओए’ वाजवी. हे गीत लिलिउओकलानीने १८७८ साली रचले, ती पुढे राणी झाली आणि दोनच वर्षांत, १८९३ साली, पदच्युत झाली. एका देशाची शेवटची राणी आणि त्या देशाचे निरोपगीत यांची कर्ती एकच असावी, हा योग इतिहासाने फार क्वचित जुळविलेला आहे. प्रवासी गळ्यातील फुलांच्या माळा समुद्रात टाकीत. माळ किनाऱ्याकडे वाहत गेली तर तुम्ही परत येणार, असा समज. जर्मनीत उत्तरेकडील बंदरांतून अमेरिकेला जाणाऱ्या देशांतरितांना ‘मुस इ देन’ या लोकगीताने निरोप मिळे. ते गीत मुळात गावोगाव फिरणाऱ्या कारागिराचे, सिल्खरने १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेले. त्याचा समुद्राशी काडीइतकाही संबंध नाही. हँबुर्गच्या खाली एल्ब नदीच्या काठी वेडेल येथे १९५२ पासून एक ठाणे आहे, तेथे येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजाला ध्वज लववून, त्याच्या देशाचे राष्ट्रगीत ध्वनिवर्धकावरून ऐकविले जाते. जपानात जहाजावरून धक्क्यावर रंगीत कागदी फितींची भेंडोळी फेकीत. एक टोक जाणाऱ्याच्या हाती, एक राहणाऱ्याच्या. जहाज दूर होई तशी फीत उलगडत जाई, ताणली जाई आणि अखेर तुटे. आणि त्या वेळी बँड जी धून वाजवी, ती ‘होतारु नो हिकारी’ या नावाने जपानी पोरांना १८८१ पासून शाळेत शिकविली जात होती. ती धून स्कॉटलंडची होती.

येथे आपल्या कथेचा मुख्य नायक रंगभूमीवर येतो. ‘ऑल्ड लँग साइन’ हे स्कॉटिश गीत रॉबर्ट बर्न्सने १७८८ साली लिहून पाठविले. ते छापले गेले १७९६ साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षी. आणि आज सर्वत्र वाजते ती चाल त्याला जोडली गेली १७९९ मध्ये, म्हणजे कवीने ती ऐकून पसंत केली असे म्हणण्याची सोय नाही. तथापि जगाने पसंत केली ती ही चालच. तिचे स्वर मोजले तर पाचच भरतात: सा, रे, ग, प, ध, मध्यम आणि निषाद वर्ज्य. ज्याच्या कानावर भूप गेला आहे त्याला हे स्वर परके वाटणे शक्य नाही, मग चलन कितीही निराळे असो. जपानी शालेय संगीतातही हेच पाच स्वर रूढ झाले होते, आणि रवींद्रनाथांनी याच चालीवर बंगालीत ‘पुरानो सेइ दिनेर कथा’ बांधले. पंचस्वरी चालीला जगात कोठेही परवाना लागत नाही असे दिसते. तिला उंच ताना नाहीत, अवघड उड्या नाहीत. ज्याचा गळा भरून आला आहे त्यालाही ती गुणगुणता येते, आणि निरोपगीताची ही पहिली अट आहे.

हीच धून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी मुंबईच्या अपोलो बंदरावर वाजली. भारतातून जाणारी शेवटची ब्रिटिश पलटण, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, त्या दिवशी गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीखालून गेली. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा जेथे उतरला त्याचे स्मारक म्हणून ही कमान उभारावयास घेतली आणि १९२४ च्या ४ डिसेंबरला ती खुली झाली. येणाऱ्याच्या गौरवार्थ बांधलेल्या या वास्तूला अवघ्या चोवीस वर्षांत जाणाऱ्याची वेस होण्याचे काम करावे लागले. भारतीय पलटणींनी मानवंदना दिली, पाहुण्यांना गेटवेची रुप्याची प्रतिकृती भेट दिली, आणि पलटणीचे निशाण संथ चालीने कमानीतून पाण्याकडे निघाले तेव्हा बँडने ‘ऑल्ड लँग साइन’ धरले. तो सोहळा हिंदी लष्कराने घडविलेला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दीडशे वर्षांच्या राज्यकर्त्यांना जुन्या स्नेह्यांच्या गीताने पोचवणे यात औदार्य किती, शिष्टाचार किती आणि मनातल्या मनात केलेली थट्टा किती, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या वहीत मांडावा. मला वाटते, तिन्ही रकमा जमेच्याच आहेत.

पाहुणे गेले आणि धून येथेच राहिली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आणि डेहराडूनच्या अकादमीत दीक्षान्त संचलनाच्या शेवटी उत्तीर्ण तुकडी ‘अंतिम पग’ टाकीत संथ चालीने पुढे जाते, ती याच धुनेवर. अशा लष्करी बँडचे आमच्या नगरजवळचे ठिकाण म्हणजे भिंगार. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला; पुढे येथे इंग्रजी अंमल आला व त्यामागोमाग छावणी. आज तेथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर ही दोन मोठी लष्करी केंद्रे आहेत, आणि १९९४ पासून रणगाड्यांचे ते संग्रहालय, जे पाहिल्यावाचून नगरला आलेला पाहुणा सहसा परत जात नाही. भिंगारकरांच्या घड्याळात बिगुलाचे तास मिसळलेले असतात. पहाटे परेडच्या मैदानावरून नगाऱ्याचा ठेका येतो, आणि चहाच्या टपरीवरचा माणूस कपबशा विसळता विसळता आज तेज चाल आहे की धीमी, हे न बघता सांगतो.

याच भिंगारजवळच्या तळावर १७०७ साली औरंगजेब बादशहा वारला, आणि त्याचे शव येथून खुलदाबादला रवाना झाले. ज्याने आपल्या दरबारातील गाणे बंद केले, त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मृत्युपत्रात अंत्ययात्रेसाठी छत्र नको, वाजंत्र्यांसारखे नवे प्रकार नकोत, अशी ताकीद आहे. ज्या मुलुखात नौबत झडल्यावाचून सरदाराचे कूच होत नसे, तेथून हिंदुस्थानचा पातशहा बिनवाजंत्री निघाला. आणि त्याच मातीत आज पोरे बँडच्या ठेक्यावर पाऊल टाकायला शिकतात. हा विरोध मी जुळवून आणलेला नाही. तो भिंगारला तसाच पडून होता.

लष्करी बँडमधून निवृत्त झालेल्या एका हवालदारांना मी गाठले. मुलाने बांधलेल्या घराच्या ओट्यावर ते बसले होते. मांडीवर नातू आणि बाजूला कापडात गुंडाळलेले क्लॅरिनेट. पाइप बँडविषयी विचारताच त्यांनी नातवाला खाली उतरविले आणि काखेत हवेची पिशवी असल्याप्रमाणे डावे कोपर बरगडीशी दाबून दाखविले. “साहेब, पाइपमध्ये श्वास तोडता येत नाही. तोंडाने हवा भरायची आणि कोपराने दाब धरायचा. तीन ड्रोन सतत बोलत राहतात, एक मोठा, दोन लहान. तुमच्या तंबोऱ्यासारखं समजा. आणि सूर म्हणाल तर सगळे मिळून नऊ. हळू वाजव म्हटलं तर पाइप हळू वाजत नाही. तो वाजतो, नाहीतर गप्प बसतो.” मग बोटांनी ओट्याच्या फरशीवर ठेका धरीत त्यांनी दोन्ही चाली समजावून दिल्या. तेज चालीत मिनिटाला सुमारे १२० पावले, धीम्या चालीत सुमारे ७०. “धीमी चाल अवघड. तेज चालीत पोरगं आपोआप वाहून जातं. धीम्यात एक पाय हवेत असताना त्याला स्वतःला सावरून उभं राहावं लागतं. म्हणून रिक्रूट धीम्याला रडतो.”

निवृत्तीनंतर काही हंगाम ते लग्नाच्या बँडात वाजवीत. लग्नातील पाठवणी आणि परेड यांत फरक काय, असे मी विचारले, तेव्हा ते जरा थांबले आणि माझा निकष त्यांनी, मी तो उच्चारण्यापूर्वीच, माझ्या हातात ठेवला. “पूर्वी नवरी बैलगाडीनं जायची. गाडी वेशीतून निघून ओढ्याच्या वळणापर्यंत दिसायची. तोवर वाजवायला लागायचं, आख्खं गाणं व्हायचं, एखादं कडवं परत घ्यायचं. आता नवरी मोटारीत बसली, दार लागलं, की मुखडा होतो न होतो तोच गाडी नजरेआड. बाकीचं गाणं कोणासाठी वाजवायचं? आम्ही तिथंच सोडून देतो.” क्लॅरिनेटवरचे कापड त्यांनी एकदा सारखे केले, उघडले मात्र नाही.

नगर शहरात अजूनही सावकाश निघणारी दोन प्रस्थाने आहेत. पहिले मोहरमचे. बुऱ्हाण निजामशहाने सोळाव्या शतकात शिया पंथ स्वीकारला आणि शाह ताहिर या शिया पंडिताच्या सांगण्यावरून बारा इमाम कोठल्याची वास्तू उभी केली. तेथून मोहरमच्या दहाव्या दिवशी निघणाऱ्या सवाऱ्यांच्या मागेपुढे हिंदू-मुसलमान असा भेद पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेलेला नाही. नवसाची चादर चढविणाऱ्यांत निम्मी आडनावे मराठी असतात. सवारी निघते आणि निघतच राहते. दोन पावले पुढे, एक हेलकावा, पुन्हा जागच्या जागी. ताशाचा कडकडाट एकसारखा चाललेला, आणि दिल्ली दरवाजातून बाहेर पडून सावेडीला विसर्जनाच्या ठिकाणी पोचेपर्यंत दिवस कलतो. दिल्ली दरवाजाच्या कमानीत ताशे शिरले की त्यांचा आवाज दुप्पट होऊन अंगावर येतो. त्या दगडी घुमटीखाली मी उभा होतो तेव्हा शेजारच्या गृहस्थांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही पोचत नव्हता. कालिदासाची अट येथे निराळ्या धर्माने पाळली आहे: पोचवणे पाण्यापर्यंत.

दुसरे प्रस्थान वारीचे. आळंदीहून ज्ञानदेवांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि तिच्याविषयी सर्व महाराष्ट्राला ठाऊक असते. परंतु ज्यांना ज्ञानदेवांनी गुरू म्हटले त्या निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून आमच्या जिल्ह्याची लांबी अख्खी चालून जाते. पारेगाव, राजुरी, बेलापूर, राहुरी, डोंगरगण असे मुक्काम करीत ती नगरला येते आणि पुढे मिरजगावावरून करमाळ्याकडे सोलापूर जिल्ह्यात उतरते. ज्या जिल्ह्यातील नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि ज्या जिल्ह्यातील ताहराबादच्या महिपतीने १७६२ साली भक्तिविजय लिहून संतांची चरित्रे घरोघर पोचविली, त्या जिल्ह्याला हा मान मिळावा हे यथोचितच झाले. दिंडीची रचना पाहिली तर ती कोणत्याही आरमारी शिस्तीला मान खाली घालावयास लावील. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या दोन रांगा, त्यांच्यामध्ये मृदंगी, नंतर विणेकरी, आणि पाठीमागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. विणेकऱ्याने पाऊल उचलल्याखेरीज कोणी उचलावयाचे नाही. वीणा खांद्यावर असेतो खाली ठेवावयाची नाही. थकलेल्याने ती दुसऱ्याच्या गळ्यात घालावयाची, स्वर न तोडता. पाइपवाल्या हवालदारांना हे सांगितले असते तर त्यांनी मान डोलाविली असती.

समुद्राकडे परत जाऊ, कारण जहाजावरील संगीताचा इतिहास गोमंतकाला वगळून सांगितला तर तो खोटा ठरेल. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या चर्चमधील पॅरिश शाळांत मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत. चर्चची गरज भागविण्यासाठी दिलेली ही विद्या त्या मुलांनी सर्व हिंदुस्थानात नेली: संस्थानिकांच्या बँडांत, पोलिसांच्या व पलटणींच्या वाद्यवृंदांत, मुंबईच्या चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात, आणि जहाजांवर. मुंबईत धोबी तलावाच्या बाजूला गोव्याच्या एकेका गावाचे ‘कुड’ असत. एका आगबोटीवरून उतरून दुसऱ्या आगबोटीची वाट पाहणारा तारवटी, मग तो खलाशी असो, आचारी असो वा व्हायोलिनवाला, तेथे पेटी टेकून राही. या लोकांनी परक्यांच्या निरोपाची गाणी आयुष्यभर वाजविली, आणि त्यांच्या घरी, गोव्याच्या साष्टीत, मात्र निरोपाचे स्वतःचे गाणे होते. तोर्कातो द फिगेरेदो यांचा ‘आदेउस’ हा मांडो मेजवानीच्या शेवटी, व्हायोलिन आणि घुमटाच्या साथीने, उठता उठता म्हणतात. ज्या समाजातील घराघरांतून कोणी ना कोणी जहाजावर असे, त्या समाजाने उत्सवाचा शेवट निरोपगीताने करावा यात नवल ते काय!

आणि कोळ्यांचे काय? १ जून ते ३१ जुलै या काळात सरकारी हुकुमाने यांत्रिक मासेमारी बंद असते. श्रावणातील नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यांतून दर्याला नारळ वाहण्यासाठी मिरवणूक निघते. वरळीला ती पाहावी. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, साइड ड्रम असा बिनचूक विलायती सरंजाम, आणि त्यावर वाजणारा ठेका मात्र असा की बापजन्मात कोणत्याही ब्रिटिश बँडमास्तराला तो कागदावर उतरविता आला नसता. हे संगीत विरहाचे मुळीच नाही. होड्या रंगविलेल्या असतात, बायका नटलेल्या असतात, आणि नाखवा दर्यावर जातो आहे तो कमावण्यासाठी जातो आहे. ज्यांच्या घरी जाणे हे नित्याचे आहे, त्यांना निघतानाचे रडगाणे परवडत नाही.

आजच्या क्रूझ जहाजांकडे आता वळले पाहिजे. मुंबईहून देशी सहलींची मोठी जहाजे २०२१ च्या सप्टेंबरपासून नियमाने सुटू लागली, आणि हौशी नगरकर मंडळीही पुण्यामुंबईच्या मंडळींबरोबर त्यांवर जाऊन येऊ लागली. अशा जहाजाचे सुटणे मी अपोलो बंदराच्या कठड्यावरून पाहिले. वरच्या डेकवर दिवे, ध्वनिक्षेपक आणि नाच. वाऱ्याची झुळूक आमच्या बाजूला वळे तेव्हा एका हिंदी चित्रपटगीताचे दोन शब्द पाण्यावरून येत आणि विरून जात. परदेशी कंपन्यांनी तर आपापली सुटण्याची गाणी मुक्रर करून टाकली आहेत: जर्मनीच्या ‘आयडा’ जहाजांवर एन्याचे ‘ओरिनोको फ्लो’ लागते, आणि डिस्नीच्या जहाजांचा भोंगाच त्यांच्या चित्रपटातील गाण्याची ओळ वाजवितो. प्रवासी हे गाणे ऐकले की डोळे पुसतात म्हणे. आठ दिवसांनी ते त्याच धक्क्यावर परत उतरणार असतात.

येथे जे उलटले आहे ते नीट पाहण्यासारखे आहे. पूर्वी बँड धक्क्यावर असे. वाजविणारे राहणारे, ऐकणारे जाणारे. आज बँड जहाजावर आहे, जाणारेच आपल्यासाठी वाजवून घेतात, आणि धक्क्यावर कोणी नसतेच. कारण अमेरिकेवरील २००१ च्या हल्ल्यांनंतर बंदरांच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय संकेत झाला, तो १ जुलै २००४ पासून लागू झाला आणि पोचवायला आलेला माणूस बाहेरच्या फाटकाशीच थांबू लागला. त्यात कोणाचा दोष काढता येणार नाही. शिवाय सहलीला जाणाऱ्याला वाद्यवृंदाने निरोप द्यावा असे त्याच्या जाण्यात काही गंभीरही नसते. खरा दूरदेशी जाणारा आता तेथे नाहीच. संगमनेर-श्रीरामपूरकडचा जो तरुण मर्चंट नेव्हीत चाकरीला जातो, तो सहा-सात महिन्यांसाठी घर सोडतो, पण त्याचे जहाज असते सिंगापूरला किंवा रॉटरडॅमला. घरून तो रात्रीच्या गाडीने मुंबईच्या विमानतळावर जातो आणि त्याला पोचवायला आलेली माणसे मोटारीच्या लाल दिव्याकडे बघून माघारी वळतात. समुद्रावर जाणाऱ्या माणसाला समुद्राच्या काठी निरोप देण्याचा प्रसंग आता नौदलापुरता उरला आहे. डिसेंबरात नौदल दिनानिमित्त गेटवेसमोर नौदलाचा बँड बीटिंग रिट्रीट करतो, तेव्हा दिवस बुडताना निशाण उतरते आणि उभ्या जहाजांवर दिवे लागतात. ज्याला धक्क्यावरचा वाद्यवृंद म्हणजे काय याची कल्पना हवी असेल, त्याने गर्दी सोसून तो एकदा पाहावा.

नगरमध्येच राहून पाहावयाचे असेल तर ज्येष्ठ वद्य पक्षात निवृत्तिनाथांच्या पालखीची वाट पाहावी. संध्याकाळी ती शहरात येते तेव्हा स्वागताच्या कमानी असतात, पुढारी असतात, छायाचित्रकार असतात; त्या वेळी जाऊ नये. मुक्काम हलतो त्या दिवशी पहाटे काकड्यानंतर जावे. मंडपवाले दोऱ्या सोडत असतात, रात्रीच्या पंगतीच्या पत्रावळी गोळा होत असतात, आणि दिंडीतले टाळकरी चहाचा शेवटचा घोट घेऊन टाळांच्या दोऱ्या बोटांना गुंडाळीत रांगेला लागत असतात. रथ छावणीच्या अंगाने सोलापूर रस्त्याला लागतो. शहरातली दोन-तीनशे माणसे मागोमाग चालू लागतात, कोणी किल्ल्यापर्यंत, कोणी भिंगारच्या नाक्यापर्यंत, एखादी म्हातारी सुनेचे न ऐकता त्याही पुढे. आणि मृदंगी मागे वळून पाहत नसला तरी ती माणसे थांबेपर्यंत ठेका दुगुनीत नेत नाही.